चिंचेच्या खोडावरचे तीन ठोके

अर्जदार : मी स्वतः. वय पन्नाशीला टेकलेले. धंदा, अर्ज लिहिणे. शिक्षण, पुरेसे. जन्म सातारा बाजूचा, हल्ली मुक्काम सांगली.

सामनेवाला : वरीलप्रमाणे.

घटनेचा दिवस : लढाई चालू असतानाच्या एका फाल्गुनातला शनिवार, उन्हे चढण्याच्या आत.

घटनेचे ठिकाण : विश्रामबागेच्या पलीकडले संस्थानचे राखीव कुरण, त्यातील तळ्याजवळची पोकळ चिंच.

साक्षीदार : मुलींच्या शाळेतील चौथीच्या मुली, पैकी एक अर्जदाराची कन्या. शाळेच्या बाई, ज्या घटनेच्या वेळी तळ्याच्या पलीकडे होत्या. आणि जत बाजूचा एक मेंढपाळ, ज्याची साक्ष कोणी घेतली नाही.

नावे हेतुतः घातलेली नाहीत. मुली आता मोठ्या झाल्या आहेत, त्यांची नावे त्यांच्या सासरी सुखाने नांदोत.

हे लिहिण्यास निमित्त असे झाले. माझी कन्या शिकून शिक्षिका झाली आणि म्हसवडकडच्या एका शाळेवर तिची नेमणूक झाली. तेथे ती मुलामुलींना आठवड्यातून एकदा माळावर नेऊन पक्षी, झाडे, वारुळे दाखवू इच्छिते. गावकऱ्यांचे म्हणणे असे की, तरण्या शिक्षिकेने पोरे घेऊन रानात जाणे धोक्याचे आहे, बरोबर कर्ता पुरुष हवा. आणि याला दाखला म्हणून ते सांगलीची एक हकिकत सांगतात. सांगलीत म्हणे असाच वर्ग कुरणात गेला होता, मधमाश्या उठल्या, बरोबर एक गृहस्थ होते म्हणून मुली वाचल्या. पुरुष मिळत नाही म्हणून तिचा वर्ग सुरू होत नाही.

ते गृहस्थ मीच.

वर ‘शिक्षण, पुरेसे’ असे लिहिले, ती माझी जुनी सवय आहे. खरे पाहता मी चौथीच्या निम्म्यात शाळा सोडली. आमची शाळा देवळाच्या ओवरीत भरे आणि मास्तर आम्हाला भिंतीकडे तोंड करून बसवीत, कारण बाहेर पाहिले की पाढे उडून जातात अशी त्यांची धारणा होती. भिंतीचे पोपडे मला आजही आठवतात, पाढे निम्मेच आठवतात. पुढे सांगलीस आलो, एका वृद्ध अर्जनविसाच्या हाताखाली राहून अक्षर वळवले आणि कचेरीसमोरच्या लिंबाखाली माझी स्वतःची बैठक मांडली. माझ्या हातच्या अर्जाला कचेरीत मान होता. ‘ह्यो कागद त्येंचा हाय’ असे पट्टेवालासुद्धा अक्षरावरून ओळखत असे. हे मी गर्वाने सांगत नाही. अर्थात एके काळी गर्वानेच सांगत होतो.

आमच्या धंद्यात बांधाच्या तंट्याचे काम पुष्कळ. अशा कामी मी पक्षकाराबरोबर शेतावर जात असे. तेथे आमचा एक रिवाज होता. हद्दीवरचे झाड असले की त्याच्या खोडावर काठीचे तीन ठोके द्यायचे आणि पंचांना ऐकू जाईल अशा आवाजात ‘ही पूर्वेची खूण’, ‘ही पश्चिमेची खूण’ असे पुकारायचे, म्हणजे पुढे कोणी ‘आम्ही ऐकले नाही’ असे म्हणू शकत नाही. त्यासाठी मी टोकाला लोखंडी शेंबी ठोकलेली काठी बाळगीत असे. खोडावर तिचा आवाज चांगला येई.

आता वर्गाकडे येतो. मुलींच्या शाळेत साताऱ्याहून एक बाई बदलून आल्या. वयाने चाळिशीच्या, विधवा, बोलणे हळू, पण शब्द मागे न घेणाऱ्या. त्यांनी शाळेच्या पंचमंडळींपुढे मागणी मांडली की, चौथीच्या मुलींना दर शनिवारी कुरणात नेण्याची परवानगी मिळावी. पालक या नात्याने मी त्या सभेस हजर होतो. पंचांचे मुख्य एक निवृत्त सुभेदार होते. घरी उसाचे मळे, दोन मुलगे पलटणीत, नात याच वर्गात.

सुभेदार म्हणाले, “बाई, पोरींस्नी रानात नेऊन दावणार काय? बाभळी?”

“हो, बाभळीच दाखवणार.”

मंडळी हसली. “बाभळी तर आमच्या दारात हायत की वो!”

“दारातली बाभूळ कुणी बघत नाही, म्हणून रानात न्यायची.”

सुभेदारांना उत्तर आवडले असावे, कारण त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “बरं, जावा. पण माजी एक अट हाय. पुरुष माणूस संगं पायजे. सेंट्रीबिगर छावणी न्हाई.”

बाई म्हणाल्या, “पुरुषाचे तिथे काम काय?”

“काम नसलं तरी उभं ऱ्हायाचं. तीच सेंट्रीची डूटी.”

त्या वेळी उभा राहिलो तो मी. शनिवारी कचेरीत काम थोडे असे, आणि चार प्रतिष्ठित माणसांसमोर उभे राहण्याची संधी मी सहसा सोडीत नसे. ‘मुलींच्या रक्षणाची जबाबदारी निम्नस्वाक्षरीकार स्वखुशीने पत्करीत आहे,’ असे मी तोंडीच, परंतु लेखी भाषेत सांगितले. माझी कन्या तेव्हा अकरा वर्षांची होती. ती दाराशी उभी होती आणि तिने मान खाली घातली. मला वाटले, अभिमानाने लाजली.

पहिले चार-पाच शनिवार मी कोट, पागोटे आणि काठी अशा थाटात सर्वांच्या पुढे चालत असे. बाई शिकवत कशा, हे सांगितले पाहिजे. त्या फारसे बोलत नसत. एखाद्या ठिकाणी मुलींना बसवायच्या आणि ‘आता नुसतं बघा, मग विचारा’ म्हणायच्या. एकदा उघड्या खडकाळ जमिनीवर टिटवीची अंडी होती. मातीच्याच रंगाची, त्यामुळे माझी वहाण त्यांच्यापासून वीतभरावर पडली तरी मला दिसली नाहीत. टिटवी ओरडत पुढे गेली आणि एक पंख मोडल्यासारखा फरफटू लागली. मुली हळहळल्या.

बाई म्हणाल्या, “मोडलेला नाही. आपण तिच्या मागे जावं, अंड्यांकडे जाऊ नये, म्हणून तसं करते.”

सुभेदारांची नात म्हणाली, “म्हंजे खोटं बोलती व्हय ओ बाई?”

“तिला विचार,” बाई म्हणाल्या.

मला हे सारे आवडू लागले होते, पण तसे मी घरी दाखवीत नसे. माझी समजूत अशी की, शिकण्याचे वय गेलेल्या माणसाने शिकताना दिसू नये. म्हणून बाई शिकवू लागल्या की मी थोडा दूर बसून चष्मा पुसत असे. पोकळ चिंचेपाशी त्यांनी मुलींना खोडातले भोक दाखवले, आत-बाहेर करणाऱ्या बारक्या माश्या दाखवल्या आणि काही सूचना दिल्या, तेव्हाही मी चष्माच पुसत होतो. सूचना मुलींसाठी आहेत असे समजून मी त्या ऐकल्या नाहीत.

घटनेच्या शनिवारी बाई काही मुलींना सुगरणीची घरटी दाखवण्यास तळ्याच्या पलीकडे घेऊन गेल्या. उरलेल्या सात-आठ मुली चिंचेच्या सावलीत माझ्या हवाली होत्या. नुसते उभे राहण्याचा मला कंटाळा आला होता. मनात आले की, बाई बाभळी शिकवतात, आपणही व्यवहारातले काही शिकवावे. मी मुलींना चतुःसीमा शिकवण्यास घेतली.

“कोणतीही जागा कागदावर आणायची, तर प्रथम तिच्या चार दिशा बांधाव्या लागतात,” मी म्हणालो. “दक्षिणेस तळे, पश्चिमेस वाट, उत्तरेस ओढा. पूर्वेस काय?”

“चिंच,” मुली म्हणाल्या.

“नुसती चिंच म्हणून भागत नाही. खूण पटवावी लागते.” असे म्हणून मी काठी घेऊन खोडाकडे गेलो.

माझी कन्या उठून उभी राहिली. “आबा, तितं नगं.”

“वडील माणूस बोलत असता मध्ये बोलू नये.”

“आवं पण आबा, बाईंनी सांगितलंय...”

“खाली बस!”

ती बसली. मी पहिला ठोका दिला. पोकळ खोड असल्याने आवाज घुमला आणि मला बरे वाटले. दुसरा दिला. तिसरा देऊन “ही पूर्वेची खूण!” असे पुकारले, त्यातला ‘खूण’ हा शब्द तोंडात असतानाच माझ्या खालच्या ओठाला पहिला डंख बसला.

पुढचे सांगण्यास फार शब्द लागत नाहीत. मी पळालो. पागोटे पडले, काठी पडली, चष्मा पडला. मी ओरडत होतो असे मागाहून कळले. मला स्वतःला फक्त कानांतला गुणगुणाट आठवतो. तळ्याच्या कडेला म्हशी लोळून झालेला चिखल होता, त्यात मी कोटासकट पालथा पडलो आणि डोके आत घातले.

श्वासासाठी डोके वर काढले तेव्हा मेंढरांमागे उभा असलेला मेंढपाळ पोट धरून हसत होता. “काय वो पावणं, म्हशीची जागा घेतलीसा व्हय? आवं, कोट तरी काढायचा!”

मी मागे पाहिले. चिंचेखाली सगळ्या मुली पालथ्या पडून होत्या, तोंडे परकरात, एकही हलत नव्हती. बाईंनी शिकवले होते तसे. कापून आडव्या केलेल्या जोंधळ्याच्या पेंढ्यांसारख्या दिसत होत्या. माझ्या कन्येचे पोलके हिरवे होते, त्यावरून मी तिला ओळखले. वर्गातली सर्वात लहान मुलगी तिच्या अंगाखाली होती.

माश्या शांत झाल्यावर बाई पलीकडून धावत आल्या. मुलींना मोजून दोन-तीन डंख होते. माझ्या अंगावर किती होते ते मोजता येण्यासारखे नव्हते. बाईंनी काटे काढले, चिखल धुतला. कन्येने माझे पागोटे झटकून आणून दिले. ते घेताना मला तिच्या परकराच्या घोळावर एक ठसा दिसला. धुळीचा, वहाणेचा, शहरी घडणीच्या टाचेचा. आमच्यात तशी वहाण एकाच्याच पायात होती. मी तिला ओलांडून पळालो होतो, आणि पुरता ओलांडूही शकलो नव्हतो. तिने माझी नजर पाहिली. मग ती तळ्यावर गेली आणि तेवढाच घोळ धुऊन आली.

गावात शिरलो तेव्हा माझा चेहरा सुजून भोपळ्यासारखा झाला होता. शाळेच्या दाराशी सुभेदार उभे होते. “अगं, काय झालं? कुनी मारलं?”

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. वर्गाचे आता काय होणार, हे त्या क्षणी प्रत्येकीला कळले होते. मग माझी कन्या पुढे झाली. ती काय बोलली ते मी शब्दशः सांगू शकतो, कारण ऐकलेले शब्दशः लक्षात ठेवणे हाच माझा धंदा आहे.

ती म्हणाली, “माश्या उठल्या, दादा. आमी सगळ्या पालथ्या पडलो. आबा तळ्याकडं गेलं. माश्या आबांच्या मागं गेल्या. म्हणून आमाला लय चावल्या न्हाईत.”

“म्हंजे अंगावर घेतल्या की ह्येंनी!” सुभेदारांनी माझा खांदा पकडला. “शाबास रं गड्या! पोरी, असंच झालं का?”

“व्हय,” मुली म्हणाल्या. त्यांची स्वतःची नातसुद्धा म्हणाली.

त्या जबानीत खोटा शब्द एकही नव्हता. प्रत्येक वाक्य खरे, क्रम खरा, आणि सगळे मिळून खोटे. अशी जबानी बांधणे हे आमच्या धंद्यातले शेवटचे कसब. वीस वर्षे मी ते लिंबाखाली आणि रात्री घरी मोठ्याने वाचून पक्के केले होते. तेच ते, माझ्याच वळणाचे, मी अकरा वर्षांच्या पोरीच्या तोंडून ऐकले. मी तिला शिकवले नव्हते. ती माझ्या घरात वाढली होती, एवढेच.

बाई खाली पाहत होत्या. माझे ओठ सुजले होते, बोलता येत नव्हते, हे खरे. मान हलवता येत होती, हेही खरे. मी हलवली नाही.

पुढच्या आठवड्यात शाळेत माझा सत्कार झाला. फेटा बांधला, नारळ दिला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्याकडे पाहत होतो, आणि त्या सगळ्या, झाडून सगळ्या, कन्या धरून, माझ्या डोक्याच्या वरच्या बाजूस भिंतीकडे पाहत होत्या. सुभेदारांनी भाषण केले. “सेंट्री हुता म्हणून छावणी वाचली. आता हितनं फुडं ह्ये असल्याबिगर येकबी पोरगी रानात जाणार न्हाई.” अट आधी होती, ती आता माझ्या देहाला बांधली गेली.

मी जाणे बंद केले. प्रथम सूज हे कारण सांगितले, मग कचेरीचे काम. खरे कारण असे की, त्या मुलींच्या पुढे चालणे मला शक्य नव्हते आणि मागे चालण्याची मला सवय नव्हती. मी गेलो नाही म्हणून वर्ग गेला नाही. एक शनिवार, दोन, तीन. मुली वर्गाच्या खोलीत बसून राहिल्या.

मग बाई आमच्या घरी आल्या. मला वाटले आता काढतील विषय. त्या म्हणाल्या, “टिटवीची पिलं आता निघाली असतील. मुली विचारतात.”

मी म्हणालो, “बाई, माझी योग्यता नाही.”

“योग्यतेचं कोण म्हणतंय? अटीत नुसतं उभं राहणं आहे.”

त्या गेल्यावर मी सुभेदारांकडे गेलो. अर्ज लिहिला नाही. लिहावयास बसलो असतो तर कसब आडवे आले असते. ओट्यावर उभा राहून सरळ बोललो. “त्या दिवशी मी पळालो होतो. पोरी शहाण्या म्हणून वाचल्या. ठोके मीच दिले होते.”

सुभेदार मोठ्याने हसले. “ह्योच तो मोठेपणा! पलटणीतबी ज्येला बिल्ला मिळतो त्यो असाच म्हणतो, आमी काय केलं न्हाई. बसा, च्या घ्या.”

“मी खरे सांगतो आहे.”

“आवं, तुमचं तोंडच साक्षीला हुतं की! पळणाऱ्याचं तोंड सुजतं व्हय?”

जन्मभर लोकांचे खोटे खरे करून दिले, आणि स्वतःचे एकच खरे मला कोणाच्या गळी उतरवता आले नाही. चहा घेऊन मी परत आलो.

घरी कन्या दारात बसली होती. मी कोठे गेलो होतो ते तिला कळले असावे. ती म्हणाली, “आबा, तुमी नुसतं यावा. बोलू नका. म्होरं चालू नका. आमी बगतो बाकीचं.”

असा मी पुढच्या शनिवारी गेलो. काठी घेतली नाही. मुली पुढे, बाई मध्ये, मी मागे. चिंचेजवळ आलो की मुली आपोआप आवाज खाली घेत आणि एक जण मागे वळून माझ्याकडे पाही, मी नीट येतो आहे ना म्हणून. कोण कोणाचा पहारेकरी होता, ते त्या वाटेवर सर्वांना ठाऊक होते. वर्ग वाचला. पिले जागा सोडून निघून गेली होती. वाटेत लोक मला रामराम करीत, आणि मी तो घेत असे.

कन्येची चौथी झाली, पाचवी झाली, पुढे ती शिकण्यास साताऱ्यास गेली. मी जातच राहिलो, कारण अट माझ्या देहाला बांधलेली होती. सुभेदार वारले. संस्थान विलीन झाले. अट कोणी रद्द केली नाही. आजही नव्या चौथीच्या मुलींमागे मी दर शनिवारी चालतो. नव्या मुलींना जुनी हकिकत फेट्या-नारळासह माहीत आहे आणि त्या माझ्याकडे आदराने पाहतात. तो आदर मला चिखलापेक्षा जड जातो.

एवढे दिवस मी मनाशी म्हणत आलो की, या खोट्याने कोणाचे नुकसान झालेले नाही, मुलींना उलट रान मिळाले. आता कळले की ती हकिकत सुभेदारांच्या नातलगांमार्फत माणदेशात पोचली आहे आणि माझ्याच कन्येच्या वाटेत आडवी पडली आहे. गेल्या सुट्टीत ती आली, तेव्हा जेवताना तिने हे सारे सांगितले. मी विचारले, “मग तू त्यांना काय म्हणालीस?” ती म्हणाली, “काय म्हणणार? जबानी माझीच होती.” आणि ताटातली भाकरी मोडत राहिली. आम्ही दोघांनी मिळून केलेल्या त्या न लिहिलेल्या कागदाविषयी ती सात वर्षांत एवढेच बोलली.

सबब, म्हसवडकडच्या त्या पंचमंडळींस आणि जे कोणी हे वाचतील त्यांस विनंती की, सांगलीचा दाखला रद्द समजावा. त्या दिवशी चिंचेखाली असलेल्या एकमेव पुरुषाने माश्या उठवल्या आणि तो पळाला. मुली वाचल्या त्या त्यांच्या बाईंनी शिकवले म्हणून. मुलांना ज्या शिक्षिकेच्या हाती द्याल, तिच्या मागे पहारा लावू नये. लावलाच, तर पहारेकऱ्यास आधी बाईंच्या सूचना ऐकावयास बसवावे.

यास पुरावा म्हणून चेहऱ्यावर आज काही उरलेले नाही. माझा शब्द तेवढा आहे. तो पुरेसा नसल्यास जत बाजूला तो मेंढपाळ हयात असेल, त्यास विचारावे, तो अजून हसत असेल.

आणि कन्येस स्वतंत्र विनंती. त्या दिवशी शाळेच्या दाराशी तू बोललीस ते वर्ग वाचावा म्हणून बोललीस, की बाप वाचावा म्हणून, हे मला आजवर विचारता आलेले नाही. वर्गासाठी बोललीस असे असेल, तर मला समाधान आहे. बापासाठी असेल, तर परकरावरच्या त्या ठशाबद्दल मला तुझ्याकडून काही ऐकून घ्यावयाचे आहे, कठोर असले तरी. कृपा करून उत्तर मिळावे. उत्तर येईपर्यंत अर्जदार शनिवारी कुरणात, सर्वांच्या मागे, हजर आहे.